पात्रता आणि अभय

जॉर्ज एलियटच्या 'मिडलमार्च' या कादंबरीत एका मेजवानीचा प्रसंग आहे. गावात नव्याने आलेला तरुण डॉक्टर लिडगेट आणि गावचा कॉरोनर चिचेली समोरासमोर येतात आणि त्यांच्यात वाद रंगतो. संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा कॉरोनर हा अधिकारी एकेकाळी मुंबईकरांनाही परिचित होता. कादंबरीतला वाद असा की, या पदावर वैद्यकाचे ज्ञान असलेला माणूस असावा, की कायदा जाणणारा सभ्य गृहस्थ पुरेसा आहे? लिडगेट आपले मत उतावीळपणे मांडतो. समोर बसलेला गृहस्थ स्वतःच कॉरोनर आहे याचे भान त्याला राहत नाही, आणि एका जेवणात तो गावातला एक वजनदार माणूस दुखावून बसतो.

कादंबरी वाचताना हा प्रसंग लिडगेटच्या स्वभावचित्रणाचा भाग म्हणून आपण मागे टाकतो. आम्हीही बरीच वर्षे तसेच केले. परंतु कादंबरीतील काळ आणि कादंबरी लिहिली गेली तो काळ एकमेकांशेजारी ठेवून पाहिल्यावर या प्रसंगाचे वजन वाढते. कथानक घडते ते १८२९ ते १८३२ या काळात. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाचा संस्थापक थॉमस वॅकली याने कॉरोनरच्या पदासाठी पहिली निवडणूक लढवली आणि गमावली ती १८३० मध्ये. पुढे १८३९ मध्ये तो कॉरोनर झाला. कादंबरी प्रसिद्ध झाली १८७१-७२ मध्ये. १८७१ मध्येच डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने 'राज्यवैद्यक' या विषयाची पहिली परीक्षा घेतली, आणि १८७२ च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये सर्वत्र आरोग्याधिकारी नेमणे बंधनकारक झाले. म्हणजे लेखिका चाळीस वर्षे मागे वळून ज्या वादाचे चित्र रंगवत होती, तो वाद ती लिहीत असतानाही मिटलेला नव्हता. सार्वजनिक आरोग्याचा कारभार पाहणाऱ्या माणसाने किमान काय शिकलेले असावे, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न आम्हा भाषा शिकवणाऱ्यांना एका शब्दामुळेही अडवतो. मराठीत आपण ज्याच्या हाती सत्ता असते त्याला 'अधिकारी' म्हणतो. तथापि आपल्या जुन्या ग्रंथपरंपरेत अधिकारी म्हणजे पात्र माणूस. वेदान्ताच्या ग्रंथारंभी सांगितल्या जाणाऱ्या अनुबंधचतुष्टयात विषय, संबंध आणि प्रयोजन यांच्या आधी अधिकारी येतो, कारण हे शास्त्र ऐकण्यास कोण योग्य, हे आधी ठरले पाहिजे. 'त्यांचा या विषयात अधिकार आहे' असे आपण आजही ज्ञानाच्या अर्थाने म्हणतो आणि 'त्यांना अधिकार आहेत' असे सत्तेच्या अर्थाने. एकाच शब्दात नांदणारे हे दोन अर्थ प्रत्यक्ष कारभारात एकत्र येतात का? आरोग्याधिकाऱ्याच्या पात्रतेचा इतिहास हा या दोन अर्थांना एका माणसात एकत्र आणण्याच्या खटपटीचा इतिहास आहे, असे आम्हाला वाटते. त्या खटपटीतली एक बाजू आपण सहसा विसरतो. तिच्याविषयी हा लेख आहे.

*

आधुनिक सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेचा पाया ज्याने घातला असे मानले जाते, तो एडविन चॅडविक डॉक्टर नव्हता. तो बॅरिस्टर होता, तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमचा लेखनिक होता आणि १८३४ पासून गरीब-कायदा आयोगाचा सचिव होता. १८४२ मध्ये त्याने श्रमिकांच्या आरोग्यस्थितीवर जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यातील आकडे आजही अंगावर येतात. लिव्हरपूल शहरात सुखवस्तू वर्गाचे मृत्यूसमयीचे सरासरी वय ३५ वर्षे होते आणि मजूरवर्गाचे अवघे १५. या अहवालातून १८४८ चा सार्वजनिक आरोग्य कायदा जन्मला. कोणत्याही डॉक्टरला तोवर जे जमले नव्हते ते एका वकिलाने करून दाखवले, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु चॅडविकला डॉक्टरांविषयी फारसा आदर नव्हता. रोग घाणीतून उठणाऱ्या दुर्गंधीमुळे होतो, अशी त्याची पक्की धारणा होती, आणि त्या काळातील बहुतेक डॉक्टरांचीही तीच होती. तेव्हा दुर्गंधी घालवणे हे अभियंत्याचे काम, त्यासाठी वैद्यक कशाला हवे, असा त्याचा युक्तिवाद. या विचाराने लंडनच्या गटारांतील मैला मोठ्या झपाट्याने थेम्स नदीत धुऊन टाकण्यात आला. घरांखालची दुर्गंधी कमी झाली, पण त्याच नदीचे पाणी शहरातील असंख्य लोक पीत होते. १८४८-४९ च्या पटकीच्या साथीत इंग्लंड व वेल्समध्ये पन्नास हजारांहून अधिक माणसे दगावली. या मृत्यूंचा सारा दोष चॅडविकच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पटकी पाण्यातून पसरते हे तेव्हा सिद्ध झालेले नव्हते. एवढे मात्र म्हणता येईल की, सद्हेतू, प्रचंड उद्योग आणि कायद्याची धार या तिन्ही गोष्टी असूनही माणूस भलत्याच दिशेने वेगाने जाऊ शकतो.

दुसरी वाट लिव्हरपूलने दाखवली. १८४६ मध्ये त्या शहराने स्वतःसाठी वेगळा आरोग्य कायदा करून घेतला आणि १ जानेवारी १८४७ पासून डॉ. विल्यम हेन्री डंकन यांची आरोग्याधिकारी म्हणून नेमणूक केली. इंग्लंडमधील या प्रकारची ही पहिली नेमणूक. डंकन एडिंबरा विद्यापीठाचे एम.डी. होते आणि शहरातील तळघरांत राहणाऱ्या गरिबांमध्ये त्यांनी काम केले होते. त्यांच्या जोडीला जेम्स न्यूलँड्स हा अभियंता आणि एक उपद्रव-निरीक्षक असे त्रिकूट होते. सुरुवातीला डंकन यांना वर्षाला ३०० पौंड पगार आणि खासगी व्यवसायाची मुभा द्यायची, असे ठरले. या मुभेला गृहमंत्र्यांनी हरकत घेतली. अखेर १८४८ मध्ये ७५० पौंडांवर त्यांना पूर्णवेळ नेमण्यात आले.

पगाराचा हा तपशील आम्ही मुद्दाम दिला आहे. खासगी व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरचे पैसे देऊ शकणारे रुग्ण कोण? घरमालक, गिरणीमालक, कसाईखान्याचे मालक, म्हणजे पालिकेत बसणारे लोक. सकाळी ज्याची नाडी पाहायची, दुपारी त्याच्याच चाळीतील शौचकूप तुंबल्याची नोटीस त्याला बजावायची. हे काम पदवीने साधत नाही. डंकन यांच्या नेमणुकीच्या वेळीच हे कोणाच्या तरी ध्यानात आले होते. पुढची सत्तर वर्षे मात्र बहुतेक ठिकाणी ते विसरले गेले.

*

१८४८ च्या कायद्याने आरोग्याधिकारी नेमण्याची परवानगी दिली, सक्ती केली नाही. नेमायचा तर तो 'कायद्याने पात्र' वैद्यक व्यावसायिक असावा असे म्हटले, पण पात्र कोण, हे सांगणे त्या काळी सोपे नव्हते. विद्यापीठे, शल्यविशारदांची महाविद्यालये, औषधविक्रेत्यांची मंडळी अशा कितीतरी संस्था आपापले परवाने देत होत्या आणि एकीचा परवाना दुसरीला मान्य असेलच असे नव्हते. १८५८ च्या वैद्यक कायद्याने सर्वसाधारण वैद्यक परिषद स्थापन केली आणि डॉक्टरांची एकच नोंदवही सुरू केली, तेव्हा 'डॉक्टर म्हणजे कोण' याला प्रथमच एक उत्तर मिळाले. आरोग्याधिकारी कोण, हा प्रश्न मात्र तसाच उरला. मोडलेला हात बसवणारा, ज्वर उतरवणारा डॉक्टर शहराच्या पाणीपुरवठ्याविषयी काय जाणतो? मृत्युनोंदीचे आकडे त्याला वाचता येतात का? पाण्याचे रासायनिक परीक्षण तो करू शकतो का? घर राहण्यास अयोग्य ठरवण्याचा कायदा त्याला ठाऊक आहे का?

१८५५ मध्ये लंडनच्या सर्व विभागांना आणि १८७२ मध्ये साऱ्या देशाला आरोग्याधिकारी नेमणे सक्तीचे झाले, तेव्हा या प्रश्नाची निकड वाढली. जागा एकदम शेकड्यांनी निर्माण झाल्या आणि त्या बहुतांशी गावोगावच्या सामान्य डॉक्टरांना, अर्धवेळ कामासाठी, तुटपुंज्या वेतनावर दिल्या गेल्या. डब्लिनची १८७१ ची परीक्षा आणि तिच्यापाठोपाठ १८७५ मध्ये केंब्रिजने सुरू केलेली पदविका ही या परिस्थितीला दिलेली उत्तरे होती. रसायन, आकडेशास्त्र, कायदा, वायुवीजन, पाणी, सांडपाणी असे विषय तिथे प्रथमच एका परीक्षेत एकत्र आले. १८८६ च्या वैद्यक कायद्याने ही पदविका अधिकृत नोंदवहीत लिहिण्याची सोय केली आणि १८८८ च्या स्थानिक शासन कायद्याच्या अठराव्या कलमाने ती सक्तीची केली. १ जानेवारी १८९२ नंतर ५०,००० किंवा त्याहून अधिक लोकवस्तीच्या क्षेत्रात, नोंदणीकृत डॉक्टर असण्याखेरीज सार्वजनिक आरोग्याची नोंदणीकृत पदविका नसलेल्या माणसाला आरोग्याधिकारी म्हणून नेमता येणार नाही, असे हे कलम सांगते.

हे कलम बारकाईने वाचण्यासारखे आहे. त्यात अपवाद आहेत. २०,००० वस्तीच्या क्षेत्रात आधीची सलग तीन वर्षे हे काम केलेल्यास पदविकेवाचून चालेल. स्थानिक शासन मंडळाचा वैद्यकीय अधिकारी किंवा निरीक्षक म्हणून तीन वर्षे काम केलेल्यासही चालेल. म्हणजे कायद्याने अनुभवाला ज्ञानाचा दर्जा दिला होता. लहान गावांना पदविकेच्या अटीतून वगळले, कारण तिथे असा माणूस मिळणार नाही हे उघड होते. परिणामी सक्तीचे हे ज्ञान मोठ्या शहरांना मिळाले आणि खेड्यांच्या वाट्याला अर्धवेळ डॉक्टरच राहिला. किमान पात्रतेच्या प्रत्येक नियमाला अशी एक सावली असते. नियम जिथे लागू होत नाही तिथे राहणाऱ्यांचे काय, हा प्रश्न त्या सावलीत उभा असतो.

*

मग पात्रतेमुळे सत्य हाती लागते का? इतिहासाचे उत्तर दुहेरी आहे. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील हातपंपाच्या पाण्याचा पटकीशी असलेला संबंध डॉ. जॉन स्नो याने दाखवला. या साथीची चौकशी करणाऱ्या सरकारी शास्त्रीय समितीत देशातील नामवंत डॉक्टर व शास्त्रज्ञ होते. लंडन शहराचा पहिला आरोग्याधिकारी जॉन सायमन हाही होता. या समितीने स्नोचा सिद्धान्त नाकारला. याउलट त्या साथीचा आरंभ ज्या घरातील आजारी बालकापासून झाला ते घर शोधून काढले हेन्री व्हाइटहेड याने. तो वस्तीतील चर्चचा तरुण धर्मोपदेशक होता. स्नोचे म्हणणे खोडून काढण्यासाठी त्याने घरोघर चौकशी सुरू केली आणि पुराव्यापुढे मान तुकवून तो स्नोच्या बाजूला आला. त्याच्यापाशी पदविका नव्हती. वस्तीची ओळख होती, चिकाटी होती आणि मत बदलण्याचा प्रामाणिकपणा होता.

म्हणून पात्रतेचा नियम व्यर्थ ठरतो, असे आम्ही म्हणणार नाही. सायमननेही पुढे पाण्याचे महत्त्व मान्य केले, आणि ते मान्य करण्याची पद्धत, म्हणजे आकडे जमवणे, तुलना करणे, हीच तर पदविकेच्या अभ्यासक्रमात पुढे आली. परीक्षेने एखादा माणूस बरोबर ठरत नाही. मात्र चूक कशी शोधायची याचे एक सामाईक साधन परीक्षा सगळ्यांच्या हाती देते. किमान पात्रतेकडून याहून अधिक अपेक्षा करू नये.

पण दुसरी उणीव यापेक्षा गंभीर होती. १८८८ च्या कायद्याने अधिकारी काय शिकलेला असावा हे ठरवले. त्याने खरे बोलल्यास त्याचे काय होईल, हे मात्र ठरवले नाही. केंद्राकडून निम्मा पगार घेणाऱ्या ठिकाणी बडतर्फीवर काही अंकुश होता. अन्यत्र कित्येक आरोग्याधिकाऱ्यांची नेमणूक एकेका वर्षाची असे आणि ती पुढे चालू ठेवणे न ठेवणे ज्या मंडळाच्या हाती, त्याच्याच सभासदांच्या मालमत्तेविरुद्ध अहवाल लिहायचा असे. इब्सेनचे 'लोकशत्रू' हे नाटक १८८२ चे, म्हणजे या कायद्याच्या सहा वर्षे आधीचे आहे. त्यातील डॉ. स्टॉकमन हा गावच्या स्नानगृहांचा वैद्यकीय अधिकारी आहे. त्याची पात्रता निर्विवाद आहे. पाणी दूषित असल्याचे त्याने प्रयोगशाळेतून सिद्ध करून घेतले आहे. तरीही नगराध्यक्ष असलेला सख्खा भाऊ, वृत्तपत्र, छापखाना आणि शेवटी सारे गाव त्याच्याविरुद्ध जाते आणि त्याची नोकरी जाते. सत्यजित राय यांनी १९८९ मध्ये 'गणशत्रू' या चित्रपटात हे कथानक बंगालमध्ये आणले, तेव्हा स्नानगृहाच्या जागी देवळातील तीर्थ आले. बाकी फारसे काही बदलावे लागले नाही.

आम्ही हे नाटक व्यक्ती विरुद्ध समूह या चौकटीत वाचत आणि शिकवत आलो. ती चौकट चुकीची नाही. पण नाटकाचा एक साधा प्रशासकीय अर्थही आहे, तो आमच्याकडून निसटला होता. स्टॉकमनपाशी पात्रता आहे, अभय नाही. जुन्या मराठी कागदपत्रांत 'अभयपत्र' हा शब्द येतो: निर्भय होऊन यावे, राहावे, तुम्हास उपसर्ग होणार नाही, असे सत्तेने लिहून दिलेले आश्वासन. असे अभयपत्र ब्रिटिश आरोग्याधिकाऱ्यांना सर्वत्र मिळाले ते १९२१ च्या कायद्याने. आरोग्यमंत्रालयाच्या संमतीखेरीज त्यांना काढता येणार नाही, असे त्याने ठरवले. पात्रतेच्या अटीनंतर अभय येण्यास तेहतीस वर्षे लागली.

*

आता आपल्याकडे वळू. मुंबईत १८६५ च्या पालिका कायद्याने आयुक्ताच्या जोडीला आरोग्याधिकाऱ्याचे पद निर्माण केले, म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या फार मागे नव्हती. त्या व्यवस्थेची खरी परीक्षा १८९६ मध्ये झाली. सप्टेंबर महिन्यात मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगश यांनी गाठीचा प्लेग ओळखला आणि तसे जाहीरपणे सांगितले. व्हिएगश मूळचे गोव्यातील हडफड्याचे आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले. ही बातमी कोणालाच नको होती. बंदर, धान्याची वखार, कापसाचा व्यापार सारे त्या एका शब्दाने हादरणार होते. तरी ते बोलू शकले याचे एक कारण असे की ते पालिकेचे पगारी नोकर नव्हते. त्यांचा स्वतःचा व्यवसाय होता आणि ते पालिकेचे सभासद होते. पात्रता आणि अभय या दोन्ही गोष्टी त्यांच्यापाशी योगायोगाने एकत्र आल्या होत्या.

यानंतर सरकारने केले ते याच्या नेमके उलट. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अमलात आला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. त्याच्या दुसऱ्या कलमाने सरकारला साथ रोखण्यासाठी हवे ते उपाय योजण्याचा आणि 'कोणत्याही व्यक्तीला' ते योजण्याचा अधिकार देण्याची मुभा दिली. ती व्यक्ती काय शिकलेली असावी, याविषयी कायदा मौन पाळतो. चौथे कलम मात्र स्पष्ट आहे: या कायद्याखाली सद्हेतूने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल कोणावरही दावा लावता येणार नाही. विलायतेतील १८८८ चा कायदा आणि हिंदुस्थानातील १८९७ चा कायदा शेजारी ठेवले की साम्राज्याचा दुटप्पीपणा लख्ख दिसतो. तिकडे पात्रता दिली, अभय दिले नाही. इकडे अभय दिले आणि पात्रता मागितली नाही. शिवाय तिकडे ज्या अभयाची उणीव होती ते जनतेच्या वतीने बोलणाऱ्याला हवे होते. इकडे जे मिळाले ते जनतेविरुद्ध बळ वापरणाऱ्याला मिळाले.

मुंबईच्या प्लेग समितीचे प्रमुखपद ब्रिगेडिअर जनरल गॅटाकर या सेनाधिकाऱ्याकडे गेले. पुण्याची समिती वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याकडे सोपवली गेली. रँडच्या समितीत डॉक्टर होता. हाँगकाँगच्या प्लेगचा अनुभव असलेला सर्जन-कॅप्टन बेव्हरिज तिचा सभासद होता. पण अंतिम शब्द त्याचा नव्हता. मार्च ते मे १८९७ या काळात सैनिकांकरवी घरोघर झालेल्या झडत्या, स्त्रियांची तपासणी, सामानाची जाळपोळ, देवघरांचा विटाळ यांची वर्णने मराठी वाचकाला नवी नाहीत. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली आणि ३ जुलैला तो मरण पावला. या प्रकरणाकडे आपण राष्ट्रीय इतिहासाच्या अंगाने पाहतो, आणि ते योग्यच आहे. येथे एवढेच जोडायचे की, आरोग्याचे काम पोलिसी काम मानले गेले की रोगी हा गुन्हेगार होतो आणि लोक रोगी लपवू लागतात. साथीच्या काळात लपवलेला रोगी म्हणजे वाढलेली साथ. अपात्र अधिकाराची ही व्यावहारिक किंमत होय.

त्याच पुण्यात वेगळे दृश्यही होते. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. एकाकडे वैद्यकाचे शिक्षण, दुसरीकडे लोकांचा आयुष्यभर कमावलेला विश्वास. लोकांनी ज्याच्या हाती रोगी सोपवावा असा अधिकार तेथे होता. सरकारी हुकूम नव्हता.

*

पात्रतेची बाजू इतकी मांडल्यावर तिच्या दुरुपयोगाचीही एक कथा सांगितली पाहिजे. प्लेगवरची लस मुंबईत, ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत वाल्डेमार हाफकिन याने तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. ओडेसात जन्मलेला हा शास्त्रज्ञ प्राणिशास्त्राचा पदवीधर होता, डॉक्टर नव्हता. हिंदुस्थानातील सरकारी वैद्यकसेवेच्या अधिकाऱ्यांना हे सलत होते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल येथे एकाच बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मरण पावली. ठपका हाफकिनवर आणि त्याच्या प्रयोगशाळेवर आला, आणि त्याला कामावरून दूर करण्यात आले. बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता, म्हणजे दूषण जागेवरच झाले होते, असे पुढे स्पष्ट झाले. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये जाहीर पत्र लिहिल्यानंतर त्याच्यावरचा कलंक पुसला गेला. ज्या परळच्या प्रयोगशाळेत तो काम करीत होता तिला १९२५ मध्ये त्याचे नाव देण्यात आले.

तर मग हाफकिनला पात्र म्हणायचे की अपात्र? वैद्यकाच्या नोंदवहीनुसार अपात्र. जंतुशास्त्राच्या ज्ञानानुसार त्याच्या तोडीचा माणूस या देशात नव्हता. पात्रतेची व्याख्या कामाच्या गरजेवरून केली तर ती कुंपणासारखी उपयोगी पडते. ती एखाद्या सेवेच्या मानापमानावरून केली तर भिंत होते. ज्या समाजात 'अधिकार' या शब्दानेच बहुसंख्यांना शतकानुशतके ज्ञानाबाहेर ठेवले, त्या समाजाने तर हा भेद अधिक जागरूकपणे जपला पाहिजे. ब्रिटनमध्ये आरोग्याधिकारी हे पद १९७४ मध्ये इतिहासजमा झाले, आणि आता तिथे वैद्यकेतर पार्श्वभूमीच्या माणसालाही स्वतंत्र प्रशिक्षण व नोंदणीनंतर सार्वजनिक आरोग्याचे प्रमुखपद मिळू शकते. लिडगेट आणि चिचेली यांच्या वादाला दीडशे वर्षांनंतर मिळालेले हे उत्तर दोघांनाही पुरते न पटणारे आहे. डॉक्टर असणे पुरेसे नाही, आणि अपरिहार्यही नाही. त्या विशिष्ट कामाचे शिक्षण मात्र अपरिहार्य आहे.

आपल्याकडे १९३२ मध्ये कोलकात्यात अखिल भारतीय स्वच्छताशास्त्र व सार्वजनिक आरोग्य संस्था उभी राहिली. १९४६ मध्ये भोर समितीच्या अहवालाने प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे प्रशिक्षण प्रत्येक डॉक्टरच्या शिक्षणाचा भाग असावे असे सुचवले. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्याराज्यांत सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचा स्वतंत्र संवर्ग असावा असे म्हटले, आणि २०२२ मध्ये केंद्राने त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कागदावर पात्रतेचा प्रवास पुढे सरकतो आहे, याचा आनंद आहे.

अभयाचे काय? मार्च २०२० मध्ये कोविडची साथ आली तेव्हा राज्यांनी आधार घेतला तो १८९७ च्याच कायद्याचा. 'कोणतीही व्यक्ती' हे शब्द त्यात तसेच होते. त्याच वर्षी त्यात दुरुस्ती झाली आणि आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांसाठी कडक शिक्षा आली. डॉक्टर, परिचारिका, आशा कार्यकर्त्या यांना मारहाण होत असताना ती गरजेची होती. पण ते देहाचे अभय होते. अप्रिय आकडा जाहीर करणाऱ्या, नळाचे पाणी पिण्यास अयोग्य आहे असे लिहून देणाऱ्या अधिकाऱ्याच्या लेखणीला अभय देणारे कलम त्या दुरुस्तीतही नव्हते. हा प्रश्न एका देशाचा नाही. वुहानमधील डॉ. ली वेनलियांग यांनी डिसेंबर २०१९ च्या अखेरीस सहकाऱ्यांना नव्या आजाराविषयी सावध केले. जानेवारीच्या आरंभी पोलिसांनी त्यांना ताकीद दिली, आणि ७ फेब्रुवारी २०२० रोजी त्याच आजाराने ते गेले. ताकीद मागे घेतली गेली ती त्यांच्या मृत्यूनंतर.

आरोग्यविभागातील एखाद्या जाहिरातीत 'किमान शैक्षणिक अर्हता' या शीर्षकाखालच्या दोन ओळी आता वाचताना आम्हाला हा सारा प्रवास आठवतो. त्या दोन ओळी येण्यास अर्धे शतक लागले, म्हणून त्या सैल करण्याचा प्रस्ताव आला की तो संशयाने तपासावा. तसेच त्या जाहिरातीत आणखी एक ओळ आपण शोधावी: नेमणूक किती काळासाठी आहे, आणि ती कोण, कोणत्या कारणासाठी संपवू शकतो. अकरा महिन्यांच्या करारावर नेमलेल्या पदविकाधारकाकडून स्टॉकमनच्या धैर्याची अपेक्षा करणे हे आपल्यालाच शोभणारे नाही. 'मिडलमार्च'च्या अखेरीकडे पटकीचा रोगी आढळल्यावर गावाची सभा भरते. सभा आरोग्याच्या प्रश्नासाठी असते, पण ती एका माणसाची अब्रू काढण्यात संपते, आणि पुढे लिडगेट गाव सोडून जातो. गावातला सर्वांत शिकलेला डॉक्टर तोच होता. पटकीला तोंड देण्यासाठी गावापाशी उरले ते चिचेली.